हणमंतचं कार्ड

किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. आमच्या पंचिंग मशीनखाली एक पत्र्याचा डबा असायचा. कार्डाला भोकं पडली की कागदाचे बारीक तुकडे त्यात पडायचे. आम्ही त्यांना टिकल्या म्हणायचो. दिवसभर कुणाचं लक्ष नसायचं आणि संध्याकाळी बघावं तर डबा गच्च! घरी गेल्यावरही केसांतून, पदरातून, कधी तर जेवताना ताटात एखादी टिकली निघायची. किस्स्यांचं अगदी तसंच.

परवा पुतण्या पुण्याहून आला होता. तो कॉम्प्युटरात आहे. जेवताना सांगत होता, "आत्या, काय गोंधळ झाला माहितीये? आमच्यातल्या एकानं डेटाबेसचं कनेक्शन सेटिंग चुकवलं. टेस्टचा डेटा खऱ्यात गेला. खोट्या नावांचे मेसेज खऱ्या लोकांच्या घरी!"

सगळे पोट धरून हसले. मी भात कालवत राहिले. तो म्हणाला, "तुला कळलं नाही का गं?"

म्हटलं, "कळलं रे बाबा. आमच्या वेळी हे वायरींनी व्हायचं."

०

सत्तरच्या दशकातले दिवस. सांगलीत विश्रामबागेला एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर आमचं मशीन ऑफिस होतं. आसपासच्या साखर कारखान्यांची कामं आमच्याकडे यायची. मुख्य काम तोडणीच्या चिठ्ठ्यांचं. कुठल्या शेतकऱ्याच्या उसाला तोडणाऱ्यांची टोळी कधी लागणार, हे सांगणारी चिठ्ठी. आम्ही मुली कार्डांवर शेतकऱ्याचं नाव, गाव, प्लॉट नंबर भोकांनी मारायचो आणि हॉलमधलं कपाटाएवढं मशीन ती भोकं वाचून चिठ्ठ्या छापायचं. इंग्रजी अक्षरांत, कारण त्याला दुसरी येतच नव्हती.

पण कुठलं भोक कागदावर कुठं छापायचं, हे मशीनला सांगणार कोण? त्यासाठी पॅनेल. पाटाएवढी एक फळी आणि तिला छिद्रंच छिद्रं. वायरीचं एक टोक कार्डाकडच्या छिद्रात, दुसरं कागदाकडच्या. नावाच्या एकेका अक्षराला एकेक वायर. टोक चुकून शेजारच्या छिद्रात गेलं की बसा बोंबलत! तुम्ही त्याला प्रोग्रॅम म्हणा, सेटिंग म्हणा, आम्ही वायरिंग म्हणायचो.

हे वायरिंग करायचे आमचे सुपरवायझर ज्ञानू जाधव. पलटणीत सिग्नलला होते, सुभेदार होऊन पेन्शनीत निघालेले, म्हणून सगळे त्यांना सुभेदारच म्हणायचे. गाव कडेगावच्या बाजूला. आठवडाभर विश्रामबागेत खोली घेऊन राहायचे आणि रविवारी गावी बायकोकडे जायचे. मशीननं काही वेडंवाकडं छापलं की त्यांचं वाक्य ठरलेलं.

"मशीन खोटं बोलत न्हाई. वायर घालणारा चुकतोय."

ऑफिसात हे सगळ्यांना पाठ होतं. त्यांच्या घरीही पाठ होतं, हे मला पुढं कळलं.

०

चुकायचा मान बहुतेक वेळा मगदूमचा. मगदूम आमचा मशीन ऑपरेटर. सांगलीचाच, घरचं हळदीचं दुकान सोडून इथं आलेला. वडिलांना वाटायचं पोरगा विमान चालवतो, इतकं त्यानं घरी वर्णन केलेलं.

एकदा सुभेदार रजेवर आणि पॅनेल मगदूमच्या हातात. पठ्ठ्यानं नावाच्या वायरी गावाच्या जागी घातल्या आणि गावाच्या वायरी नावाच्या जागी. चिठ्ठ्या छापून कारखान्यावर गेल्याही. चौथ्या दिवशी एक म्हातारा शेतकरी फेटा सावरत थेट मशीनपाशी आला.

"हितं कोन मुख्य हाय?"

मगदूम छाती काढून पुढं झाला.

"माजं नाव दादू पाटील. तुमच्या कागदात दादू पाटील नावाचं गाव हाय. टोळी दोन दिस झालं त्ये गाव धुंडतीया. वसवलंय कवा?"

मगदूम कागद चाळायला लागला. म्हातारा पुढं म्हणतो, "वसवलंय तर वसवलंय. पर मग सरपंच मला करा की रं!"

सुभेदार परत आल्यावर त्यांनी मगदूमला झापलं नाही. फक्त पॅनेल त्याच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, "टेस्ट कार्ड का लावलं न्हाईस?"

तर हे टेस्ट कार्ड. पॅनेलमध्ये वायर हलवली की खरी कार्डं लावायच्या आधी एक खोटं कार्ड लावून बघायचं. त्याची चिठ्ठी बिनचूक निघाली, की मग बाकीची. सुभेदार ते कार्ड खाकी शर्टाच्या खिशात ठेवायचे, बटण लावून.

०

त्या कार्डावर नाव कुणाचं, हे मला साताऱ्यात कळलं.

आमचं मशीन बिघडलं की आम्ही पॅनेल आणि कार्डं घेऊन साताऱ्याला जायचो. तिथं एका ऑफिसात तसलंच मशीन होतं. पॅनेल एस.टी.तून न्यायचं म्हणजे बाळंतिणीला नेल्यासारखं! सुभेदार ते गोधडीत गुंडाळून मांडीवर घ्यायचे आणि खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे. कंडक्टरनं एकदा विचारलं, "काय हाय वो त्यात?" तर म्हणाले, "समद्या तालुक्याची नावं हायती."

तिथला ऑपरेटर शिंदे. मूळचा कोयनानगरच्या वसाहतीतला. भूकंपाची इतकी धास्ती की घरात झोपतानाही पायात चप्पल! सुभेदारांनी पॅनेल बसवलं, खिशातलं कार्ड लावलं. चिठ्ठी आली. त्यांनी एकदाच बघितली आणि म्हणाले, "शेवटचा टी पडलाय. विट्याच्या वळणावर दणका बसला, तवाच म्हनलं." पॅनेल काढलं, सुटलेली वायर बोटानं दाबली, पुन्हा लावलं. चिठ्ठी आली. हणमंत ज्ञानू जाधव. टी जागेवर.

शिंदे म्हणाला, "एवढ्या लवकर कसं हो कळलं?"

"माज्या पोराचं नाव हाय. दुसऱ्याच्या नावात एक अक्षर गेलं तर माज्या नजरंतून सुटंल. ह्याच्यातलं न्हाई सुटायचं."

"असं होय! कुठं असतो चिरंजीव?"

सुभेदार गोधडीची घडी घालत होते. "लढाईवर."

शिंदेनं माझ्याकडे बघितलं, मी शिंदेकडे. बांगलादेशची लढाई संपून किती दिवस झाले होते! परतीच्या एस.टी.त मी काही विचारलं नाही. कराडला चहा पिताना त्यांनीच सांगितलं. तार आली होती. मेला असं नाही, सापडला असंही नाही. बेपत्ता. एवढाच शब्द. त्यानंतर कागद नाही.

"मेल्याचं दुख एक डाव करून मोकळं व्हता येतं गं पोरी," म्हणाले. "ह्येला काय करायचं?"

मी आपली बशीतला चहा निववत बसले.

०

हणमंतची बायको तारा. लग्न होऊन एकच दिवाळी झाली होती तेव्हा तो लढाईवर गेला. वयानं माझ्याएवढीच. कधी सासऱ्यांना भाकरीचं पीठ, चटणी, शेंगा द्यायला यायची. मशीनच्या खोलीत कधी यायची नाही. बाहेर व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसायची. कपाळाला रुपयाएवढं कुंकू.

आमच्या ऑफिसात एक गोष्ट फार चघळली जायची. सुभेदार स्वतः सुनेसाठी स्थळं बघत होते! गावात भावकीनं बोलणं टाकलं होतं. मगदूम म्हणायचा, "लोक सुनेला उंबऱ्याच्या आत डांबत्यात, आमचं सुभेदार सुनेसाठी उंबरं झिजवत्यात!" चेष्टेत म्हणायचा, पण एक स्थळ त्यानंच आणलं. तासगावच्या एस.टी. डेपोतला एक मेकॅनिक, पहिली बायको गेलेली, मूलबाळ नाही, माणूस शांत.

तारा ऐकायची आणि एकच म्हणायची, "कागुद येऊ द्या मामंजी. मग बघू."

एकदा मी व्हरांड्यात तिच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, "तारा, तुला इंग्रजी वाचता येतं?"

"न्हाई. एकच नाव येतं. त्येंच्या ट्रंकंवर पांढऱ्या रंगानं लिवलंय. रोज पुसते न्हवं, ध्यानात बसलंय."

०

मगदूमच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. आमच्यातल्या कुणीतरी अक्षतांत डबाभर टिकल्या मिसळल्या! नवरीच्या अंबाड्यात कागदाचा पाऊस. मगदूम अंतरपाटामागून ओरडतो, "आरं बास! हिच्या डोक्यात सगळ्या कारखान्याचा ऊस गेला!" भटजीसुद्धा हसले.

मग बायकांत हळदीकुंकू सुरू झालं. ताट घेतलेली बाई एकेकीला लावत तारापर्यंत आली आणि थांबली. लावावं की नको? बोट कुंकवात बुडवलेलं, तसंच अधांतरी. तारानं मान खाली घातली आणि मागं सरकायला लागली.

तेवढ्यात मगदूमची आई, म्हातारी आडदांड बाई, पुढं आली. ताट हिसकावून घेतलं. "सरकारच्या कागदात बेपत्ता आसंल. माज्या ताटात न्हाई. ये गं फुडं!" आणि तिनं ताराच्या कपाळभर कुंकू लावलं.

त्या रात्री सुभेदारांनी खोलीवर जेवण केलं नाही, असं घरमालकीण म्हणत होती. मला दोघांचंही पटत होतं. म्हातारीचंही आणि सुभेदारांचंही. मग रडायचं कुणाच्या बाजूनं?

०

शेवटी तारा हो म्हणाली. कशी म्हणाली, ते सुभेदारांनी मला सांगितलं. ती म्हणाली, "तुमी दोघं माज्या तोंडाकडं बगून झुरताय. मी गेले तर तुमाला त्येंच्यासाठी धड रडता तरी यील."

मेकॅनिकानं मान्य केलं. हंगाम संपला की चार माणसांत लग्न उरकायचं ठरलं. सुभेदारांनी ऑफिसात पेढे वाटले. पेढा हातावर ठेवत प्रत्येकाला म्हणत होते, "लाइन किलेर झाली गड्यांनो. लाइन किलेर."

०

आणि मग कोयना हलली.

कोयनेचे धक्के सांगलीला नवे नव्हते. भांडी वाजायची, आपण "हं" म्हणून पुढचं काम करायचं. पण त्या दुपारचा धक्का जोरदार होता. सुभेदार नुकतंच पॅनेल तपासून टेस्ट कार्ड मशीनवरच ठेवून निघालेली चिठ्ठी बघत उभे होते. शेजारी कार्डांचे गठ्ठे. जमीन गुरगुरली आणि आम्ही सगळ्या पदर सावरत रस्त्यावर! मगदूम सगळ्यांच्या पुढं. तिथून ओरडतोय, "सुभेदार, भाईर या!"

आतून आवाज आला, "पॅनेल लावलंय रं!"

थांबल्यावर आत गेलो तर फरशीभर कार्डं. सगळ्यांनी बसून गोळा केली आणि सॉर्टरला दिली. सॉर्टर म्हणजे कार्डं गाववार लावून देणारं मशीन. त्यानं इमानानं लावून दिली. पॅनेल तपासलेलंच होतं, चिठ्ठ्या छापल्या आणि संध्याकाळच्या जीपनं गेल्यासुद्धा. सुभेदारांनी खिसा चाचपला. टेस्ट कार्ड नाही. मशीनखाली बॅटरी मारून शोधलं. मग मला म्हणाले, "गेलं कुटंतरी. दुसरं मार गं पोरी."

मी मारून दिलं. पहिलं कुठं गेलं असेल, हा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नाही. त्याच्यावर खरं गाव होतं. सॉर्टरनं ते त्या गावाच्या गठ्ठ्यात घातलं होतं.

०

पुढचं मला कारखान्याच्या स्लिपबॉयनं सांगितलं. स्लिपबॉय म्हणजे चिठ्ठ्या घेऊन गावोगाव फिरणारा कारखान्याचा माणूस. हा त्या भागात नवा होता. टोळी घेऊन गावात गेला आणि चावडीसमोर त्यानं विचारलं, "हणमंत ज्ञानू जाधव कोन?"

चावडीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. विहिरीकडून तारा घागर घेऊन येत होती. ती उभी राहिली.

"माजं मालक," म्हणाली. "का वो?"

"तोड आलीया त्येंच्या नावानं."

तिनं घागर खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि चिठ्ठी घेतली. अक्षरावर बोट ठेवत ठेवत बघितली. ट्रंकेवरचीच अक्षरं. मग ती टोळीच्या पुढं चालायला लागली आणि सगळ्यांना घेऊन शेतावर गेली.

टोळीचा मुकादम ऊस बघून वैतागला. "आवं बाई, ह्यो ऊस तर गुडघ्याएवढा हाय! हे काय तोडायचं?"

तारा म्हणाली, "त्ये येऊस्तर वाढंल."

स्लिपबॉय मला म्हणाला, "बाई, मी एवढी गावं फिरलो, पर त्या बाईच्या तोंडाकडं मला बगवंना." त्याच दिवशी तारानं तासगावला निरोप पाठवला. लग्न होणार नाही. त्यांचं नाव निघालंय.

०

दुसऱ्या दिवशी ती सांगलीला आली. या वेळी व्हरांड्यात बसली नाही. सरळ मशीनच्या खोलीत आली. आम्ही सगळे कामावर होतो. तिनं चिठ्ठी सुभेदारांपुढं धरली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता, आणि मला ते बघवत नव्हतं.

"मामंजी, मशीननं नाव काढलंय त्येंचं. कुटनं कळलं त्याला? पलटनीकडनं आलं आसंल न्हवं?"

सुभेदारांनी चिठ्ठी हातात घेतली. त्यांना सगळं एका क्षणात कळलं असणार, कारण नावावर नजर पडताच ते स्टुलावर बसले.

"तारा, त्ये माजं कार्ड हाय. तपासायचं. मीच नाव घातलं हुतं."

"तुमीच म्हनता की, मशीन खोटं बोलत न्हाई."

"बोलत न्हाई बाय. आपून सांगंल त्येच त्ये बोलतंय."

तिनं चिठ्ठीतल्या नावावर बोट ठेवलं. शब्द तिच्यापर्यंत पोचत नव्हते. मगदूम हळूच उठून बाहेर गेला. सुभेदार स्टुलावरून उठले, खिशाचं बटण काढलं आणि मी मारून दिलेलं नवं कार्ड मशीनला लावलं. चिठ्ठी आली. हणमंत ज्ञानू जाधव. ताराचा हात तोंडाकडं गेला.

मग त्यांनी पॅनेल बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं आणि आडनावाच्या वायरी उपटल्या. पॅनेल आत घातलं, तेच कार्ड पुन्हा लावलं. हणमंत ज्ञानू. जाधव गेलं.

"बगितलंस?"

त्यांनी पुन्हा पॅनेल काढलं. मधल्या नावाच्या, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वायरी काढल्या. चिठ्ठी आली. नुसतं हणमंत.

"ह्या वायरी हायती बग, तारा. दुसरं काय न्हाई. पलटन न्हाई, कागुद न्हाई. वायरी."

त्यांनी तिसऱ्यांदा पॅनेल काढून टेबलावर ठेवलं. पोराच्या नावाच्या पहिल्या वायरीला बोटं लावली आणि हात तिथंच राहिला. ओढेना. आम्ही बघतोय, पंख्याचा आवाज येतोय, आणि तो एवढा दांडगा माणूस, लढाईत गोळ्यांखाली टेलिफोनच्या वायरी जोडत फिरलेला, त्याला ती वीतभर वायर निघेना. खांदे हलायला लागले.

तारा जवळ गेली. त्यांचा हात तिनं हळूच बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या मामंजी. मी काडते."

आणि अंबाड्यातले आकडे काढावेत तशा तिनं त्या वायरी काढल्या. एकेक करून, न ओढता. काढलेली प्रत्येक वायर टेबलावर सरळ करून ठेवली. पॅनेल तिनंच उचलून सुभेदारांच्या हातात दिलं. त्यांनी ते बसवलं, कार्ड लावलं. मशीन तेवढाच आवाज करत फिरलं. चिठ्ठी आली. नावाची जागा कोरी आणि खाली नुसतं गाव.

तारानं ती कोरी चिठ्ठी घेतली, कालच्या चिठ्ठीबरोबर घडी घातली आणि पिशवीत ठेवली. आम्हाला वाटलं, आता ती रडेल. आम्ही सगळ्या रडतच होतो. ती दारापर्यंत गेली आणि वळली. टेबलावरच्या वायरींकडं बघून म्हणाली,

"त्या परत घाला आता, मामंजी. उद्या कुना-कुनाची नावं यायची आसतील."